सुधामयबाबूंशिवाय जगन्नाथपुरी

सुधामय भादुडी प्रवासाला निघाले की निम्मं घर त्यांच्याबरोबर निघायचं. पोहे आणि गूळ, पित्ताच्या गोळ्या, घरच्या पाण्याचे कॅन, फुगवायची उशी, ऐन चैत्रातसुद्धा कानटोपी, आणि गाडीत सामान बाकाला जखडून टाकायची साखळी, कुलपासकट. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या त्यांच्या गल्लीतले चांगले पिकल्या केसांचे लोक विचारायचे, “काय भादुडीबाबू, पुरीला निघालात की बिऱ्हाड हलवताय?” सुधामयबाबू हसायचे. वीज कचेरीत जन्म काढलेला माणूस, चेष्टेने कधी तापला नाही. “आत्ता हसा,” ते म्हणायचे, “पोट बिघडलं की गोळी मागायला माझ्याच दारात येता.”

आणि यायचेही. सुधामयबाबू सहसा चुकत नसत. त्यांच्या बायकोची, शिप्राची, सगळी अडचण तिथेच होती.

लग्न झाल्यापासून दर वर्षी पुरी. मध्ये एखादं दार्जिलिंग, एखादं बनारस झालं असेल, पण पुरी चुकली नाही. तेच हॉटेल, जमलं तर तीच खोली, स्वर्गद्वाराजवळच्या त्याच खानावळीत तोच मासा. सकाळी किनाऱ्यावर भाड्याची खुर्ची घेऊन सुधामयबाबू बसायचे, मांडीवर टॉवेल, पायाशी शिप्राच्या चपला. ती घोट्याएवढ्या पाण्यात गेली की मागून हाक यायची, “बास! तिथेच! पुढे ओढ आहे.” ओढ होतीच. पुरीचा समुद्र माणसं खातो हे शेंबडं पोरही सांगेल. शिप्रा तिथेच थांबायची आणि पायाखालची वाळू सरकली की मागे वळायची. दुपारी जेवण झालं की खारा वारा घशाला बाधतो म्हणून खोलीच्या खिडक्या लागायच्या, सुधामयबाबूंचा डोळा लागायचा, आणि ती पलंगाच्या कडेला बसून काचेपलीकडची लाट ऐकायची. संध्याकाळी दोघं खाजा घ्यायला निघायची. चार दुकानांत चव बघून सुधामयबाबू शेवटी खाजा घ्यायचे तो नेहमीच्याच दुकानातून.

त्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. माशाचा पोटाकडचा तुकडा स्वतःच्या ताटातून उचलून तिच्या ताटात ठेवायचे. रात्रीच्या गाडीत तिला झोप लागावी म्हणून स्वतः बसून राहायचे. अशा नवऱ्याची तक्रार करायची म्हणजे लोक म्हणणार, बाईला सुख बोचतंय. शिप्राही स्वतःला तेच सांगायची. बोचत होतं, एवढं मात्र खरं.

सुतपा आणि बाणी या तिच्या शाळेतल्या मैत्रिणी, एकाच बाकावरच्या. सुतपाच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की समोरच्याने हात टेकायचे. तिचा नवरा दिवसभर पेपरातली शब्दकोडी सोडवत बसायचा, बायको घरात नाही हे त्याच्या जेवायच्या वेळी लक्षात यायचं. बाणी मोजकं बोलायची. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी वारला होता. “एकदा तिघीच कुठेतरी जाऊ या” हे तिघींचं म्हणणं इतकं जुनं झालं होतं की आता म्हणतानासुद्धा कुणी मनावर घेत नसे. दर वेळी गाडं शिप्रापाशी अडायचं. कधी सासूबाईंचं आजारपण, कधी मुलीची परीक्षा, कधी सुधामयबाबूंचा रक्तदाब.

या वर्षी फाल्गुनात मुलीने, मौने, हैदराबादहून बापाला फोन केला. “बाबा, आईला एकदा जाऊ दे ना मैत्रिणींबरोबर. ती काय कुकुलं बाळ आहे?” सुधामयबाबूंनी बरेच दिवस विचार केला. मग एका सकाळी बाजाराची पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाले, “जा तर मग. पुरीलाच जा, ओळखीची जागा आहे. हे एवढं नीट पार पडलं तर पुढच्या वर्षीचंही बघू.”

शिप्राने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. नीट पार पडलं तर दर वर्षी. तिला घर सोडायचं नव्हतं, नवरा सोडायचा नव्हता, मोठंसं काही मागायचंच नव्हतं. वर्षातून चार-पाच दिवस हवे होते, आणि ते या एका खेपेवर टांगलेले होते. गाडीत चढताना तिने जगन्नाथाला हात जोडले ते पुण्यासाठी नाही. देवा, काही विघ्न आणू नकोस, एवढंच तिचं मागणं होतं.

गाडीत कुणी साखळी आणली नव्हती. सुतपाने बॅगा बाकाखाली ढकलल्या आणि विसरून गेली. मोहरीचं तेल घातलेले तिखट मुरमुरे आले ते घेतले, उकडलेली अंडी आली ती घेतली, चहावाला प्रत्येक फेरीला थांबायला लागला. सुतपाने शाळेतल्या शिवणाच्या बाईंची नक्कल केली तेव्हा तिघी अशा खिदळल्या की समोरचे गृहस्थ पांघरूण घेऊन दुसऱ्या डब्यात गेले.

“टुकू, तुझी साडी वर घे, अंड्याची कवचं पडतायत,” सुतपा म्हणाली.

टुकू हे शिप्राचं लहानपणचं नाव. आई गेल्यापासून त्या नावाने हाक मारणाऱ्या या दोघीच उरल्या होत्या. घरी तिला “ऐकलंस का” होतं, गल्लीत “भादुडीबौदी”, म्हणजे भादुडीवहिनी. टुकू म्हटलं की तिची पाठ आपोआप सैल व्हायची.

हॉटेलात तिघींत एक खोली घेतली. पहिल्या दिवसापासून सगळं बिघडतच गेलं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मैत्रिणींबरोबरचा प्रवास म्हणजे नुसता साखरपाक असं कुणाला वाटायचं. सुतपा घोरायची. बाणी दर तासाला न्हाणीघर धुवायची. पंखा तीनवर की पाचवर यावरून दोघी सकाळभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. गप्पांच्या नादात जेवायला गेल्या तर खानावळीत मासा संपलेला, अंड्याच्या रश्श्यावर भागवलं. देवळात दर्शनाच्या वेळी भलत्याच दाराशी उभ्या राहिल्या आणि पंड्याने गोड बोलून लुबाडलं. सुधामयबाबू असते तर यातलं काहीही झालं नसतं. पण झालं तरी कुणी “मी सांगत होतो” म्हणणारं नव्हतं. देवळातल्या आनंदबाजारात तिघी जमिनीवर बसल्या आणि एकाच पानात महाप्रसाद जेवल्या, एकमेकींचा हात डाळीत आदळत होता. सुधामयबाबू महाप्रसाद खोलीवर मागवायचे, तिथे माश्या फार म्हणून. माश्या होत्याच.

खोलीच्या खिडक्या रात्रंदिवस उघड्या. पलंगावर वाळू, ओठांवर मीठ. दुपारी तिघी आडव्या पडून बोलत राहायच्या, बोलता बोलता एक झोपायची, मग उरलेल्या दोघी तिच्याबद्दल बोलायच्या. शिप्राच्या मनात आलं की सुधामयबाबूंबरोबर आपण सामानातल्याच एका पिशवीसारख्या येतो, मोजून घेतलेल्या आणि जपून परत नेलेल्या. इथे कुणी तिला जपत नव्हतं. एकदा तर चहा पिऊन दोघी तिला बाकड्यावरच विसरून पुढे चालू लागल्या होत्या, आणि धावत जाऊन त्यांना गाठताना तिला दम लागला आणि हसू आलं.

संध्याकाळी सुधामयबाबूंचा फोन यायचा. “जेवलात? पाण्यात फार गेली नाहीस ना? गोळी घेतलीस?”

“जेवलो. नाही गेले. घेतली,” शिप्रा म्हणायची. गोळ्यांची पुडी पिशवीत तशीच होती.

परतीच्या आदल्या दिवशी तिघी सकाळीच किनाऱ्यावर गेल्या. किनाऱ्यावर नुलिया असतात, टोकदार वेताची टोपी घातलेले कोळी, लोकांना धरून पाण्यात नेतात आणि आणतात. सुधामयबाबूंच्या मते ते सगळे चोर. सुतपाने त्यातला एक म्हातारा गाठला, अप्पाना नावाचा. त्याच्याकडे ट्रकच्या चाकाची काळी ट्यूब होती.

“टुकू, येतेस तर ये,” सुतपा पाण्यातूनच ओरडली, “नाहीतर बस शिंपले वेचत!”

“माई, ट्यूब सोडू नका,” अप्पाना म्हणाला, “बाकीचं मी बघतो.”

शिप्रा गेली. घोटे गेले, गुडघे गेले, कंबर गेली. सवयीने तिचे कान मागच्या हाकेसाठी टवकारले होते. हाक आली नाही. मग पायाखालची जमीन गेली, लाट आली आणि तिघींना ट्यूबसकट उचलून पलीकडे ठेवून गेली. लाटांच्या पलीकडे समुद्र शांत होता. इतक्या वर्षांत हे तिला माहीतच नव्हतं. बाणी डोळे मिटून तरंगत होती, सुतपा शाळेची प्रार्थना भलत्याच चालीवर म्हणत होती, आणि शिप्राला इतका आनंद झाला की तिला रडू फुटलं. खाऱ्या पाण्यात कुणाला कळलं नाही. साठीला टेकलेल्या बाईला असा आनंद होऊ शकतो हेच तिला नवीन होतं.

परत येताना मोठी लाट आली. ट्यूब उलटली. धरायला म्हणून शिप्राने डावा हात फेकला तो सुतपाच्या मनगटातल्या जाड चांदीच्या कड्यावर आदळला. लाट ओसरली तेव्हा तिच्या डाव्या हातात लाल पोवळ्याची बांगडी होती, लोखंडाचं कडं होतं, आणि त्यांच्यामधली शंखाची पांढरी बांगडी, बंगाली बाईचं सौभाग्यलेणं, नव्हती. सवाष्णीच्या हातातला शंख तुटला म्हणायची पद्धत नाही. शंख वाढला होता. त्याचा एक तुकडा बाहीत अडकला होता.

आणि भीती वाटायच्या आधी, अगदी आधी, शिप्राला सुटल्यासारखं वाटलं. एका श्वासात तिने सगळं पाहिलं. उघड्या खिडक्यांचं घर, मनात येईल तेव्हा जेवण, मनात येईल तेव्हा निघणं, कधी येशील असं कुणी न विचारलेली संध्याकाळ. त्या घरात ती एकटी होती आणि चहा करत होती. मग भीती आली, आणि भीतीच्या पाठोपाठ तिच्याहून मोठी लाज.

वाळूवर येईपर्यंत सुतपाचा चेहरा पांढराफटक पडला होता. “माझ्या कड्यावर आदळला गं. माझ्याच,” ती म्हणत राहिली. “आमच्या मधल्या ताईचा असाच वाढला होता. महिन्याच्या आत भावजी गेले.”

“तुझ्या भावजींचं यकृत गेलेलं होतं,” बाणी साडी पिळता पिळता म्हणाली. “दोन वर्षं अंथरुणाला होते.”

“ते वेगळं.”

“माझा तर शेवटपर्यंत धड होता. दोन्ही हातांत. यांना घरी आणलं तेव्हासुद्धा. घाटावर दगडाने फोडावा लागला. जाऊबाईंचा पहिला घाव फुकट गेला, इतका पक्का होता.”

पण सुतपाच्या डोक्यातलं ते गेलं नाही. ओल्या हातानेच तिने पिशवीतून फोन काढला.

“कुणाला करतेस?” शिप्राने विचारलं.

“सुधामयदांना. त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय माझ्या घशाखाली पाणी उतरायचं नाही.”

“नको,” शिप्रा म्हणाली. तिने सुतपाचा हात धरला. “अगं ऐक माझं. इथे शंखाची दुकानं काय कमी आहेत? आत्ता जाऊ, नवी जोडी चढवू. त्यांना कळायचंही नाही. त्यांना सांगितलंस तर माझं येणं संपलं. पुढच्या वर्षी ते मला सोडणार नाहीत, कळतंय का तुला?”

“तुला येण्याजाण्याचं पडलंय?” सुतपाने हात सोडवून घेतला. “तिकडे माणसाचं काही बरंवाईट झालं असलं म्हणजे? मी तर म्हणते, आई जगन्नाथानेच खूण दाखवली असेल.”

“जगन्नाथ आई कधीपासून झाला?” बाणी म्हणाली. कुणी हसलं नाही.

सुतपाने फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. एरवी सुधामयबाबू दुसऱ्या घंटेला उचलायचे, फोन शर्टाच्या खिशात असायचा. सुतपा रडायला लागली. भादुडींच्या शेजारच्या मित्रबाबूंचा नंबर लावायला ती रस्त्यावर गेली, किनाऱ्यावर वाऱ्याने ऐकू येत नाही म्हणून.

शिप्रा आणि बाणी वाळूत बसून राहिल्या. शिप्राचा उघडा हात मांडीवर होता. जिथे शंख असायचा तिथे कातडीला पांढरा वळ पडला होता, बाकी हातापेक्षा कोवळा. ती त्याच्याकडे बघत होती आणि मनात हिशेब करत होती. पेन्शन निम्मी होईल. मौ म्हणेल हैदराबादला ये, आपण नाही जायचं. वरची खोली भाड्याने देता येईल. आपण हा हिशेब करतोय हे लक्षात आलं तेव्हा तिने हातावर पदर ओढून घेतला.

“मी पाहिलं तुझं तोंड,” बाणी म्हणाली. “पाण्यात.”

शिप्राने पाण्याकडे तोंड फिरवलं.

“घाबरू नकोस, कुणाला सांगत नाही. मलाही वाटायचं तसं. हे चप्पल घालून बाहेर पडले की वाटायचं, आज उशिराच येऊ दे. मग एक दिवस आलेच नाहीत.” बाणीने वाळूत बोटाने रेघ ओढली आणि पुसली. “तुला वाटतं तसं काही मोकळंबिकळं होत नाही, टुकू. आता मी कुठेही जाऊ शकते. कुठे चाललीस म्हणून कुणी विचारत नाही. पोहोचलीस का म्हणूनही विचारत नाही. तुम्ही दोघी बोलावता तेव्हा मी निघते, एरवी कपडे घालून खुर्चीत बसते आणि परत बदलते.”

“मग काय करायचं गं?” शिप्राने विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

“मला काय माहीत,” बाणी म्हणाली.

सुतपा रस्त्यावरून धावत आली, फोन हातात उंच धरून. “आहेत! आहेत! धडधाकट आहेत! न्हाव्याकडे बसले होते!” तिने आवाज मोठा केला, आणि सुधामयबाबूंचा स्वच्छ, खणखणीत आवाज किनाऱ्यावर आला. “हॅलो? काय झालं? सगळ्या ठीक आहात ना? पैसे संपले का?”

शिप्राला हुंदका फुटला. सुतपाने तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, “रड, रड, मोकळी हो, देव पावला.” शिप्रा रडत होती हे खरं, पण ते देव पावला म्हणून नव्हतं. नवरा होता. काल होता, उद्या असणार होता. तिला त्याचं मरण नको होतं, शपथेवर नको होतं. तिला त्याचं असणं जड झालं होतं, आणि या दोन गोष्टींमध्ये फरक आहे हे तिला कुणाला समजावून सांगता आलं नसतं, स्वतःलासुद्धा.

तोवर सुतपाने फोनवर सगळं ओकून टाकलं होतं. नुलिया, ट्यूब, खोल पाणी, लाट, शंख. सगळं आपल्या कड्यामुळे झालं हे तिने चार वेळा सांगितलं. मग सुधामयबाबू म्हणाले, “तिला दे.”

“हॅलो,” शिप्रा म्हणाली.

“हाताला लागलं का?”

“नाही.”

“कापलं तर नाही ना? शंखाची धार वाईट असते. औषध लाव. निळ्या पिशवीत मलम आहे, बाजूच्या खणात.”

“अहो, काही झालेलं नाही. उद्या निघतोच आहोत आम्ही.”

“निघू नका. मी येतो.”

“कशाला? एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही...”

“माझंच चुकलं,” सुधामयबाबू म्हणाले. “तुला एकटीला सोडायलाच नको होतं.”

ते आले. रात्रीच्या गाडीत जागा मिळाली नाही तर सामान्य डब्यात पाय दुमडून बसून आले, पाठीचं दुखणं असलेला माणूस. सकाळी हॉटेलच्या पायऱ्या चढले तेव्हा डोळे तांबडे होते. पिशवीतून त्यांनी कापसात गुंडाळलेली डबी काढली. उत्तरपाड्याच्या ज्या शंखाऱ्याकडून लग्नातले शंख घेतले होते, त्याच्या मुलाला दुकान उघडायला लावून नवी जोडी आणली होती. रात्रभर ती डबी मांडीवर धरून बसले होते, गर्दीत धक्का लागू नये म्हणून.

“इथे मिळतात, पण इथले कच्चे,” ते म्हणाले. “हात दे.”

शिप्राने हात दिला. हाडं रुंदावली होती, साबण लावून शंख चढवावा लागला. सुधामयबाबूंनी तो इतक्या हलक्या हाताने चढवला की सुतपाचे डोळे भरून आले.

“टुकू, सात जन्मांची पुण्याई आहे तुझी,” ती म्हणाली. “मी समुद्रात बुडाले असते तरी आमच्या घरून ‘आडवे सात, अक्षरं चार’ विचारायला फोन आला असता.”

मुक्काम दोन दिवस वाढला. सुधामयबाबूंनी आल्या आल्या सूत्रं हातात घेतली. ओळखीच्या मालकाला सांगून तिघींची खोली बदलून घेतली, आधीच्या खोलीत ओल होती म्हणे. सुतपा-बाणीला एक खोली, भादुडी नवराबायकोला एक. वेळेवर जेवण, ताजा मासा, पंड्याला दम भरून नीट दर्शन. सुतपाचं पोट बिघडलं तर गोळी तयार. सुतपा तर हरखून गेली. “काय गं, असा माणूस घरी ठेवून आपण तिघी कशाला धक्के खात होतो?” तिने विचारलं. शिप्राच्या नव्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या. पलीकडच्या खोलीतून सुतपाच्या बोलण्याचा आवाज येत होता, शब्द ऐकू येत नव्हते.

शेवटच्या संध्याकाळी चौघं किनाऱ्यावर बसली होती. चार खुर्च्या सुधामयबाबूंनी घासाघीस करून अर्ध्या भाड्यात घेतल्या होत्या. तळलेली कोळंबी आली, त्यांनी आधी एक खाऊन बघितली, मग पुडी पुढे केली.

“मी काय म्हणतो,” ते म्हणाले, “पुढच्या वर्षीपासून मीच नेतो तुम्हाला. सुतपा, तुझ्या नवऱ्यालाही उठवू. सिक्कीममध्ये पेलिंगला जाऊ, माझ्या ओळखीचं हॉटेल आहे. बायकांनी असं एकट्यादुकट्याने हिंडण्यापेक्षा जोडीजोडीने बरं. काय?”

सुतपाने टाळीच वाजवली. “अहाहा! सुधामयदा, तोंडात साखर पडो तुमच्या. त्यांना मी बघते, कोड्याचं पुस्तक घेऊन दिलं की ते बर्फातही बसतील. म्हणजे तुम्ही दोघं, आम्ही दोघं, चार तिकिटं.”

मग तिच्या लक्षात आलं. “आणि बाणी, तूही ये हं.”

“मला नका धरू,” बाणी म्हणाली. “जोड्यांमध्ये माझं काय काम?”

“अगं ये की,” सुतपा पुन्हा एकदा म्हणाली, दारात चपला घालून उभ्या राहिलेल्या पाहुण्याला बसा म्हणतात तसं, आणि पेलिंगला थंडी किती असते ते सुधामयबाबूंना विचारू लागली. बाणी उठली, पाय धुऊन येते म्हणाली आणि पाण्याच्या दिशेने चालू लागली.

शिप्राला कळलं की बोलायचं तर आत्ता. आत्ता नाही तर तिकिटं निघतील, आणि तिकिटं निघाली की सुधामयबाबूंना आरक्षण रद्द करण्याएवढं दुसरं दुःख नव्हतं. मला तुमच्याबरोबर जायचं नाही, एवढंच वाक्य होतं. वर्षातून चार दिवस, या दोघींबरोबर, तुमच्याशिवाय. तिने ते मनात जुळवलं. त्यात एकही शब्द अवघड नव्हता. तिने तोंड उघडलं.

सुधामयबाबूंनी लगेच तिच्याकडे वळून पाहिलं. त्यांचे डोळे अजून तांबडे होते. “काय म्हणत होतीस?”

खुर्चीखाली त्यांचे पाय दिसत होते. सामान्य डब्यात रात्रभर दुमडून राहून घोट्यांपाशी सुजले होते, चपलेचा पट्टा आत रुतला होता.

“काही नाही,” शिप्रा म्हणाली. “पाय सुजलेत तुमचे. वर घेऊन बसा जरा.”

“हो, ठणकतायत खरे,” सुधामयबाबू म्हणाले. चपला काढून त्यांनी त्या शिप्राच्या खुर्चीशी नीट जोडीने ठेवल्या. बाणीची खुर्ची रिकामीच होती. ती पुढे ओढून त्यांनी दोन्ही पाय तिच्यावर पसरले.